विमा नको असं मी म्हटलंच नव्हतं

काका, नमस्कार.

अमेरिकन विद्यापीठांच्या सक्तीच्या आरोग्य विम्यावर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "पन्नास लाखांचं कर्ज काढून अमेरिकेला जाता आणि अडीच लाखांच्या विम्यावर रडता? तिथे पाय मोडला तर घर विकावं लागेल. शिवाय हा व्हिसाचाच नियम आहे, विद्यापीठाला कशाला बोल लावता?" असं तुम्ही लिहिलंय. तुमची मुलगी ऑगस्टमध्ये बॉस्टनजवळ एमएसला निघाली आहे. त्यामुळे शब्दांमागची काळजी कळली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विमा हवाच, याबद्दल वाद नाही. पहिल्याच हिवाळ्यात मी बर्फावरून घसरले आणि मनगट मोडलं. इमर्जन्सी, एक्स-रे, प्लास्टर... विम्याशिवाय ते बिल मला भरताच आलं नसतं. मला लहानपणापासून दमा आहे. निघताना पुण्यात घेतलेल्या प्रवासी पॉलिसीत आधीच्या आजाराला जागाच नव्हती. विद्यापीठाच्या पॉलिसीने मात्र दम्याचे इन्हेलर दिले, कारण अमेरिकेच्या 2010च्या आरोग्य विमा कायद्यानुसार जुना आजार आहे म्हणून नकार देता येत नाही. हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

पण व्हिसाचं तुम्ही म्हणता तसं नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारची विम्याची अट आहे ती जे-1 व्हिसावर, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमातून येणाऱ्यांच्या व्हिसावर: दर आजाराला किंवा अपघाताला किमान 1 लाख डॉलरचं संरक्षण. आपली बहुतेक मुलं जातात त्या एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर अशी अट नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचाच कायदा आहे, 1989पासूनचा. इतर अनेक ठिकाणी विद्यापीठ स्वतः ठरवतं.

माझा राग आहे तो वेव्हरवर, म्हणजे विम्याच्या फीतून मिळणाऱ्या माफीवर. दुसरा विमा असेल तर फी माफ होते, असं सगळ्यांनाच सांगतात. त्याच 2010च्या कायद्याने अमेरिकन मुलांना वयाच्या 26व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या पॉलिसीत राहता येतं. माझ्या वर्गातल्या स्थानिक मुलीने वडिलांच्या कंपनीचा पॉलिसी नंबर टाकला आणि तिच्या बिलातून विम्याची रक्कम वगळली गेली. माझा अर्ज परत आला, का तर विमा कंपनी अमेरिकेबाहेरची. माझे वडील सांगलीत शिक्षक. त्यांच्याकडे अमेरिकन पॉलिसी कुठून येणार? नियम एकच, पण त्यातून बाहेर पडायची वाट काही जणांनाच मोकळी. मग ज्याला नाही म्हणायची सोयच नाही, त्याला रक्कम कशी ठरली एवढं तरी सांगायला नको का? मी दोनदा ईमेल केली. दोन्ही वेळा पॉलिसीची पुस्तिकाच आली.

माझ्या बिलात विम्याचे 2,900 डॉलर होते. कॅम्पसच्या दवाखान्याची फी त्याखाली, वेगळी. एफ-1वर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. लायब्ररीत मला तासाला 15 डॉलर मिळायचे. म्हणजे जवळजवळ दहा आठवड्यांची सगळी कमाई. वडिलांनी घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जातून ही रक्कम जाते तेव्हा ती किरकोळ वाटत नाही, काका.

एवढे पैसे भरून दातांना काही नाही! माझ्या रूममेटची दाढ ऑक्टोबरात ठणकायला लागली. आमच्या पॉलिसीत दात नव्हते. रूट कॅनालचा आकडा ऐकून ती गप्प घरी आली. दोन महिने लवंग आणि वेदनाशामक गोळ्यांवर काढले, एका बाजूने जेवायची. डिसेंबरात नाशिकला गेली तेव्हा दाढ काढावीच लागली. तेवीस वर्षांची मुलगी. तिला रडताना पाहिलं त्या रात्री मूळ लेख लिहिला होता.

सक्तीलाच माझा विरोध असता तर ब्रिटनबद्दलही तक्रार केली असती. तिथे विद्यार्थ्याला व्हिसाबरोबरच वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो. पण तो सरकारने ठरवलेला, सगळ्या विद्यापीठांना सारखा आणि घरून निघायच्या आधी माहीत असलेला. बापाला हिशेब मांडता येतो.

मुलीचे दात निघायच्या आधी तपासून घ्या, डोळेही. बिल आलं की विम्याची ओळ वेगळी काढून बघा, आणि मे महिन्यात पदवी मिळाल्यावर संरक्षण कोणत्या तारखेपर्यंत राहतं ते विद्यापीठाकडून लेखी मागवा. पुस्तिका हाती आली की मला पाठवा, आपण दोघं मिळून वाचू.