किती?

२०२१च्या एप्रिलात कोरोना झाला म्हणून घरातल्याच खोलीत कोंडलेल्या माणसाला ‘कसा आहेस?’ असं कुणी विचारत नसे. दार चार बोटं उघडायचं आणि बाहेरून मास्कमधून प्रश्न यायचा, “किती?” ‘अठ्ठ्याण्णव’ म्हटलं की स्टुलावर वरणभात. ‘चौऱ्याण्णव’ म्हटलं की वरणभात गार होईपर्यंत मावशी, आत्या आणि दोन्हीकडचे मामा फोनवर.

हा आकडा रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांचा, आणि तो सांगणारा ऑक्सिमीटर म्हणजे कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा शिकलेला भाऊ. बोटाच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त (म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड) प्रकाश सोडतो आणि पलीकडे किती पोचला ते मोजतो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त अवरक्त जास्त पितं, न घेतलेलं लाल. सगळा हिशेब त्यावर. म्हणून नेलपॉलिश पुसायची, गार बोट चोळून गरम करायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, हात हलवायचा नाही आणि आकडा स्थिरावला की मगच तोंड उघडायचं. पहिलाच आकडा ओरडून सांगणाऱ्याला माझ्या मते दुसऱ्या खोलीत वेगळं ठेवावं.

पण यंत्रापेक्षा वाचणारा जास्त घात करतो. पडद्यावर नाडीचे ठोकेही असतात; ७२ ठोक्यांना ऑक्सिजन समजलं की बाहेर रडारड. त्याहून वाईट म्हणजे दाराच्या फटीतून बोट दाखवणं. आकडे इंग्रजी, समोरच्याला पडदा उलटा, आणि इंग्रजीतला उलटा ९८ चक्क ८६ दिसतो! ९६ मात्र उलटाही ९६च. घरच्यांच्या प्रकृतीला तोच मानवतो.

मग सहा मिनिटांची चाल, साठीपुढच्यांना तीन. सपाट जमिनीवर, जिना नाही. आधी आकडा, चालून पुन्हा आकडा. ९३च्या खाली गेला किंवा तीनने घसरला, तर विनोद बंद आणि डॉक्टरांना फोन. पलंग, कपाट आणि पाहुण्यांच्या गाद्या वजा जाता खोलीत उरते तीन मीटरची पट्टी. तीनशे मीटर चालायचं तर शंभर खेपा आणि नव्याण्णव वळणं. दम लागला की चक्कर आली, हे ठरवायलाच वेगळा डॉक्टर हवा.

ऑक्सिजन वाढावा म्हणून पालथं झोपायचं, आणि त्याला उशा पाच: एक मानेखाली, दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवणानंतर तासभर नाही. आपल्याकडे पाचवी उशी पलंगाच्या पेटीतून निघते, डांबरगोळ्यांसकट. रुग्ण बिचारा तक्रार करत नाही, कारण वास गेलेला असतो. पण एखाद्या सकाळी त्या उशीचा वास नाकात घुसला, तर ‘किती?’ची वाट बघू नये. आधी तेच ओरडून सांगावं.