‘सोलापुरात काय आहे बघायला?’ म्हणणाऱ्यांसाठी

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. ‘सोलापूर म्हणजे नुसतं उतरायचं स्टेशन. गाडी करा, अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर एका दिवसात उरका, जाताना चादर आणि शेंगाचटणी घ्या. शहरात बघण्यासारखं काही नाही, मराठी धड कुणी बोलत नाही, ऊन जीव घेतं.’ एकेक मुद्दा घेऊ.

एका दिवसात तीन देव. पंढरपूर पश्चिमेला, तुळजापूर उत्तरेला, अक्कलकोट आग्नेयेला. तीन दिशा, बहुतेकदा सोलापूर ओलांडायचं, जाऊन-येऊन तीनशेच्या आसपास किलोमीटर, वर दर्शनाच्या रांगा. हे देवदर्शन नव्हे, ड्रायव्हरची परीक्षा आहे. एक देव पुढच्या खेपेला ठेवा. तुळजापूरला गेलात तर नळदुर्गचा किल्ला जोडून घ्या. पावसाळ्यात बोरी नदी भरली की किल्ल्याच्या बंधाऱ्यातल्या पाणीमहालावरून पाणी कोसळतं.

‘बघण्यासारखं काही नाही.’ स्टेशनातून थेट गाडीत बसल्यावर काय दिसणार, कपाळ? भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव एकमेकांना लागूनच आहेत. मग चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जा. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी झाली. ही चार नावं मोठ्यानं वाचलीत तरी गावाची वस्ती कळेल.

आता मराठीचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त झोंबला. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत जा. यंत्रमागाच्या खडखडाटात दोन माणसं तेलुगूत ओरडून बोलत असतात. तुम्ही दारात दिसलात की मराठीत ‘या, बसा’. चादरीची चौकशी करा, पण मागावर बहुधा टॉवेल चढलेला दिसेल. चादरीचं नाव मोठं, पोट आता टॉवेलवर. शेजारच्या ओट्यावर बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते. पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळून दोरा. हात थांबत नाही आणि तोंडानं तीन भाषांत गप्पा चालू. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारणीशी कन्नड किंवा दखनी. याला धड न बोलणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आणि म्हणणाऱ्यांनी एकदा हत्तरसंग कुडलला जाऊन यावं. कर्नाटकाच्या वेशीवर, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला लेख शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा. सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला आणि मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत आज त्याची गणना होते. म्हणजे पुण्याच्या पेठा वसायच्या कितीतरी आधी आमच्या या ‘अर्धवट’ मुलखात मराठी दगडावर कोरली जात होती. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. तेही बघा, घाई नको.

नान्नजचं माळढोक अभयारण्य बार्शी रस्त्याला, विसेक किलोमीटरवर. माळढोकाच्या आशेनं जाऊ नका, तो आता क्वचितच दिसतो. काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा. माळरान म्हणजे ओसाड जमीन, असा समज असेल तर तो मात्र तिथं मोडतो.

शेंगाचटणीबद्दल मेसेजशी भांडण नाही. फक्त उखळात कुटलेली मागा. ती तेल सोडते, मुठीत दाबली की गोळा होतो. कोरडा भुगा मिळाला तर दुकान बदला. सोबत कडक भाकरी घ्या, प्रवासात टिकते.

ऊन मात्र खरंच. एप्रिल-मे मध्ये येऊ नका. तेव्हा नळाचं पाणी कधी येणार यावरच आमचा दिवस ठरतो, पाहुण्यांकडे कोण बघणार? संक्रांतीला या. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी उंच नंदीध्वज पेलत शहरातून नेतात आणि संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नात अख्खं गाव अक्षता टाकतं. लॉज तेवढं आधी बुक करा.