पूल एकीचा, दालन दुसरीचं

फ्रान्समधल्या शनाँसो महालावरचा लेख आवडला, पण ‘नदीवरचा हा महाल दियान द प्वातिएने बांधला’ हे वाक्य खटकलं. दियान म्हणजे फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याची प्रेयसी. शनाँसोचा मूळ वाडा दियानच्या आधीचा, 1513 ते 1521 मधला. मालक तोमा बोइए बहुतेक वेळ इटलीतल्या लढायांवर, त्यामुळे बांधकामावर उभी राहिली ती त्याची बायको कातरीन ब्रिसोने. आत शिरल्यावरचा तो सरळ जिना तिच्याच काळातला. तेव्हा फ्रान्समध्ये गोल जिन्यांचीच चलती होती. दियानने शेर नदीवर फक्त पूल घातला. त्यावरचं 60 मीटर लांबीचं दालन हेन्रीची राणी कॅथरीन द मेदिची हिचं, तेही दियानला तिथून काढल्यावर! फोटोत जे दिसतं आणि आपण ज्यावर भाळतो, ते मुख्यतः सवतीने सवतीच्या पुलावर चढवलेलं बांधकाम आहे.

दुसरं म्हणजे त्या दालनाची पुढची गोष्ट लेखात हवी होती. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. दुसऱ्यात शेर नदीच सीमारेषा झाली: पुढचा दरवाजा जर्मनांच्या ताब्यातल्या भागात, तर दालनाच्या टोकाचा दरवाजा पलीकडच्या मुक्त भागात. आम्ही गेलो तेव्हा सगळे काळ्या-पांढऱ्या फरशीवर उभे राहून सेल्फी काढत होते. मी मात्र त्या टोकाच्या साध्या लाकडी दाराशीच बराच वेळ रेंगाळले, शेवटी नवऱ्याने हाका मारायला सुरुवात केली.