किल्लारीचा दाखला देऊन दगडी थिएटर पाडू नका

सध्या मराठवाड्यात एक मेसेज जोरात फिरतोय: गावातलं जुनं दगड-चुन्याचं नाट्यगृह पाडा. किल्लारीच्या भूकंपात दगडाचीच घरं पडली, चुन्यात दम नसतो म्हणून भिंती ओल्या, आणि आत आवाज घुमतो. ही कारणं टिकत नाहीत.

किल्लारीचं आधी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे माणसं गाडली गेली ती बहुतेक मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या भिंतींखाली. वर माळवदाचा, म्हणजे सपाट धाब्याच्या छपराचा, जड मातीचा थर. भिंती दुपदरी, पण दोन्ही पदर बांधणारा आरपार दगड सहसा नसायचाच. हादऱ्याने पदर सुटे झाले आणि माळवद खाली आलं. घडीव दगड, चुन्याचा दर्जेदार सांधा आणि कौलं-पत्र्याचं हलकं छप्पर असलेली इमारत त्याच मापाने मोजणं अन्याय आहे.

तपासणी मात्र हवीच. ओळंबा सोडून भिंतीला पोट आलंय का बघा. आरपार दगड उभ्यात दर 60 सेंटिमीटरला, आडव्यात 1.2 मीटरच्या आत लागतो. नसेल तर भिंत न पाडता बसवता येतो: एकेक दगड हलवत काढून 75 मिलिमीटरचं आरपार भोक करायचं, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली 8 मिलिमीटरची सळई घालून काँक्रीट भरायचं. घणाने ठोकाल तर शेजारचे दगडही सैल होतील.

ओल चुन्यामुळे नाही, बहुतेक वेळा वरून चढवलेल्या सिमेंटमुळे मुरते. चुन्याची भिंत शोषलेलं पाणी पृष्ठभागातून सोडते. सिमेंट ती वाट बंद करतं. क्षार मागे साठतात, गिलावा पोकळ होतो, ठोकल्यावर बद्द वाजतो. म्हणून आधी पन्हळ दुरुस्त करा. मग सिमेंट उतरवा, सांधे 20–25 मिलिमीटर खरवडा, ओले करा, एकास तीन चुना-वाळू दाबून भरा आणि गोणपाटाखाली काही दिवस ओलसर ठेवा. छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैचीची भिंतीत गेलेली टोकंही स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पन्हळ गळत असेल तर लाकूड तिथेच आधी कुजतं. कुजलं तेवढंच टोक कापून जोड देता येतो.

राहिला आवाज. तो रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून ठरत नाही, कारण प्रेक्षक स्वतःच आवाज शोषतात. गादीच्या खुर्च्या काढून प्लास्टिकच्या मांडल्या, पडदे उतरवले, तर कुठलाही हॉल घुमेल. प्रेक्षकांच्या मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून जाड, चुण्यांचा पडदा लावा आणि भरल्या हॉलमध्ये संवाद ऐका.