गरवायला चाललात काय?

शनिवारी रात्री जेवणं आटोपली की मी आमच्या फोंड्याच्या घरात हॉलच्या मधोमध जुनी चादर अंथरतो. ती चादर दिसली की बायको मुकाट्याने आपली उशी उचलून आतल्या खोलीत जाते. सकाळी म्हापशाच्या पलीकडे एअर रायफलच्या नेमबाजीच्या रेंजवर जायचं असतं. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. पण चादरीवरचं सामान बघून कोणालाही वाटेल, बाणस्तारीचा पूल ओलांडला की पुढे मनुष्यवस्तीच नाही.

रायफलचं काही विशेष नाही. ती लांब पेटीत पडून असते, नियमाप्रमाणे साडेपाच किलोच्या आत बसते, कटकट करत नाही. माझा सगळा जीव दुसऱ्या पेटीत. ही पेटी मुळात गरीवाल्यांची, म्हणजे मासे गरवणाऱ्यांची. झाकण उघडलं की तीन कप्पे जिन्यासारखे वर येतात. गळ आणि शिशाची वजनं ठेवायच्या त्या खणांत माझे स्क्रू, स्प्रिंगा, रबरी ओ-रिंगा आणि षटकोनी टोकाच्या ॲलन की राहतात. शिसं तेवढं दोघांचं सारखं, माझं छर्‍याच्या रूपात. त्यामुळे खालच्या मजल्यावरचे भाऊ जिन्यात भेटले की गेली चार वर्षं एकच विचारतात, "गरवायला चाललात काय? शेवटे मासे गावले तर दोन आमच्याकडे." पहिल्यांदा मी सगळं समजावून सांगितलं होतं. आता "बघूया" म्हणतो.

पेटीतली एकूण एक वस्तू कुठल्यातरी फजितीनंतर घरात आली आहे. एकदा ऐन स्पर्धेत ट्रिगरचा स्क्रू सैल झाला आणि दीड मिलिमीटरची ॲलन की नव्हती; ती आली. पुढच्या वेळी गालाखालची फळी हलायला लागली, तिला अडीचची लागते, ती आली. आता दीडपासून सहापर्यंत सगळ्या आहेत आणि प्रत्येकीची जोडी आहे, कारण लहान ॲलन की एकटी हरवत नाही, आख्खा रविवार बरोबर घेऊन जाते. घड्याळजीकडून मागून आणलेला एक स्क्रू ड्रायव्हर आहे. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी आहे, भडक केशरी. ती नळीतून आरपार घालून ठेवायची, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनच दिसतं. पावसाळ्यात सगळा गोवा गवत कापत असतो, तेव्हा ही एक वस्तू तरी फुकटात मिळते. आणि चपलाबुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या आहेत, मुठीमुठीने. आमच्याकडे जूनमध्ये मिठाचं पाणी होतं, चामड्याच्या पट्ट्यावर दोन रात्रींत हिरवी लव येते. रायफलच्या पोलादाने काय घोडं मारलंय?

पण सगळ्यांत नाजूक प्रकरण हवेचं. हल्लीच्या रायफलीला नळीखाली एक छोटा सिलिंडर असतो आणि त्यात दोनशे बार दाबाची हवा भरतात. गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असते, म्हणजे बघा. ही हवा पंक्चरवाल्याकडे मिळत नाही. (विचारून झालंय. तो आधी हसला, मग त्याने पोराला हाक मारून मला पुन्हा विचारायला लावलं.) गोव्यात एक बरं, समुद्रात बुड्या मारायला येणाऱ्या पर्यटकांच्या टाक्यांतही तेवढ्याच दाबाची हवा असते, तिथून जुगाड जमतो. मात्र टाकी आणि सिलिंडर यांच्यामधल्या सांध्यात असते ती ओ-रिंग. पोरींच्या केसांच्या रबरबँडची धाकटी बहीण. तिला केसाएवढी चीर गेली की सगळा समुद्रकिनारा ऐकेल असा 'सुस्स' आवाज येतो आणि आपली स्पर्धा हवेत जाते. एकदा घाईत फोंड्याच्या बाजारातून नळाची ओ-रिंग आणून बसवली. दिसायला तंतोतंत. तिने पन्नास बारपर्यंत संसार केला.

तेव्हापासून माझ्याकडे सव्वीस ओ-रिंगा आहेत. त्यांना सिलिकॉनचं ग्रीस लागतं. बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "खोबरेल लावा की. इतकं घरात आहे." मी तिला सांगितलं की एवढ्या दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं. खोबरेलाने होत नाही असं जगात काहीतरी आहे हे तिला नवीन होतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. खोबरेलाबद्दल नाही, माझ्याबद्दल शंका आल्यासारखी.

आईचा आक्षेप वेगळा. "अरे, मंगेशीच्या जत्रेला आम्ही आठ माणसं एका पिशवीत जायचो. दोन दिवस!" ती पिशवीत काय असायचं ते सांगत नाही, तिच्या म्हणण्याप्रमाणे लागलं ते मागून घ्यायचो. हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

घरातल्या या दोन आघाड्यांवर माझ्याकडे एकच शस्त्र आहे, अभिनव बिंद्रा. 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये फायनलच्या तोंडावर नेम तपासताना त्याच्या रायफलचं नेम धरायचं साइट हललेलं निघालं. त्याने ते जागच्या जागी सरळ केलं आणि सुवर्णपदक घेतलं. "म्हणून तयारी लागते," मी म्हणतो. बायकोने एकदाच विचारलं, "त्याच्याकडे ही पेटी होती?" त्यानंतर मी बिंद्राचं नाव जपून काढतो.

तर परवाच्या रविवारची गोष्ट. रेंजवर पोचलो, पेटी टेबलावर ठेवली, आणि तीन कप्पे वर येतात न येतात तोच "पेटीवाले काका आले रे!" अशी हाक गेली. स्पर्धेआधी तयारीला पंधरा मिनिटं मिळतात. माझ्या पंधरा मिनिटांत एकाला नायलॉनची दोरी हवी होती, एकाला ओ-रिंग, एकाला नुसतंच ग्रीस. चौदा वर्षांची एक मुलगी आली. रायफल वडिलांची, गालाखालची फळी तिला उंच होत होती. "काका, अडीचची आहे?" ही सगळी मंडळी घरून हात हलवत येतात, कारण मी येणार हे त्यांना माहीत असतं. आईच्या जत्रेतली आठ माणसं म्हणजे हीच. मी पिशवी.

मग पाऊण तास आणि वर अर्धा, साठ गोळ्या. दहा मीटरवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. लिहिता लिहिता पेन टेकलं तर याहून मोठा डाग पडतो. मी पहिली गोळी मारली. आठ पूर्णांक काहीतरी. मी साइटकडे संशयाने बघितलं. साइट घट्ट. ट्रिगर बघितला, लोण्यासारखा. दाबाचा काटा जिथे हवा तिथे. तीस गोळ्या झाल्या, चाळीस झाल्या, आणि रायफलने एवढीसुद्धा कुरकुर केली नाही. इतकी वर्षं माझ्या प्रत्येक वाईट रविवारी कुठला ना कुठला स्क्रू पुढे येऊन दोष आपल्या अंगावर घ्यायचा. त्या दिवशी एकही उभा राहिला नाही. सव्वीसच्या सव्वीस ओ-रिंगा गप्प बसून माझा तमाशा बघत होत्या.

गुण दशांशात मोजतात, साठ गोळ्यांचे जास्तीत जास्त 654 होतात. मला 541 मिळाले. शेजारचे गृहस्थ सहानुभूतीने म्हणाले, "रायफलमध्ये काही प्रॉब्लेम होता का?" देवमाणूस. पण खोटं बोलायलाही स्क्रू ड्रायव्हर हातात लागतो, आणि तोही मी कोणालातरी दिलेला होता.

त्या मुलीला 612 मिळाले. ती आनंदात वडिलांबरोबर निघून गेली. माझी अडीचची ॲलन की तिच्या जॅकेटच्या खिशात. तिची जोडीदार? ती मागच्या महिन्यात गेली, अशीच.

संध्याकाळी जिना चढताना खालचे भाऊ दारातच उभे. पेटीकडे बघत म्हणाले, "गावलं काय?"

"काही नाही. उलट एक गेलं."

"गळासकट?"

मी क्षणभर विचार केला. "हो, गळासकट."

"मग मोठाच असणार तो," ते हळहळले.

"मोठाच होता, भाऊ," मी म्हटलं. "सहाशे बाराचा."