काकांना डबल दिसतं

परवा ठाण्यात तलावपाळीला माझ्या डोळ्यांदेखत एका कॅमेऱ्याचा भाव साडेसहा हजारांवरून अकरा हजारांवर गेला, आणि तो चढवणाऱ्या माणसाच्या हातात भेळ होती.

मला फिल्मवर चालणारा रेंजफाइंडर हवाय, म्हणजे वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचा जुन्या धाटणीचा कॅमेरा. का हवाय हे मी घरी पुरेसं ऐकून घेतलेलं आहे, इथे पुन्हा नको. जांभळी नाक्यावर भाजी घेणाऱ्या माणसांचे फोटो त्यांना न दचकवता काढायचे, एवढीच गरज. रेंजफाइंडरच्या पोटात फोटो काढताना वर उडणारा आरसा नसतो, त्यामुळे तो आपटल्याचा आवाजही नसतो. लायका एम३ हा १९५४ सालचा देव माणूस, पण त्याच्या नुसत्या बॉडीच्या पैशात स्कूटर येते, लेन्स वेगळी. शिवाय डोळा लावायची त्याची कडी धातूची, म्हणजे माझ्या चष्म्यावर चरे. सोव्हिएत झोर्की स्वस्त, पण त्यात आधी शटर चढवायचं आणि मगच वेग बदलायचा. उलटं केलं की आतली यंत्रणा बिघडायची भीती. एवढी शिस्त अंगात असती तर मी आज कुठल्या तरी खात्यात उपसचिव असतो. कॅनोनेट क्यूएल१७ चांगला, पण कोणी विकायला काढत नाही. राहता राहिला याशिका इलेक्ट्रो ३५. आपण फक्त अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते, ठरवायचं, शटरचा वेग तो ठरवतो. माझ्यासारख्याला झेपेल असा.

नौपाड्यातला एक मुलगा आजोबांचा याशिका विकत होता. गडकरी रंगायतनसमोरच्या कट्ट्यावर भेटलो. मी तपासणी सुरू केली. बॅटरीचं झाकण उघडून गंज बघितला. मग रोल ओढायची कळ फिरवून कान लावला. या कॅमेऱ्यात आतून ‘टक्’ असा आवाज यावा लागतो. नाही आला तर आतल्या रबराचा भुगा झालाय असं समजायचं. आला. टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशी शोधली. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या शालूला बुरशी येते, तिथे काचेचं काय घेऊन बसलात. तीही नव्हती. लेन्सचं झाकण पुन्हा लावलं. मी मनातल्या मनात पैसे मोजायला घेतले.

“जरा बघू हो.” शेजारच्या काकांनी विचारलं म्हणणं चुकीचं, कारण तोवर कॅमेरा त्यांच्या हातात होता.

“डबल दिसतंय!”

“काका, ते तसंच—”

“अरे, या पोराला दोन नाकं आहेत! खराब माल आहे साहेब, घेऊ नका.”

मुलाचा चेहरा पडला. भाव उतरणार अशी चिन्हं होती. माणसाने अशा वेळी गप्प बसावं, पण काकांनी गप्प बसू दिलं तर ना. “काय बिघडलंय सांगा ना, तुम्ही तर जाणकार दिसता!” मी सांगितलं, की मधल्या पिवळ्या चौकोनात दोन प्रतिमा दिसतात, रिंग फिरवून त्या एकावर एक आणायच्या, की फोकस झाला.

काकांनी चटणीच्या बोटांनी रिंग फिरवली. “अरेच्चा! नाक एक झालं!” मग त्यांनी तलावातल्या बोटी एक-एक केल्या. समोरच्या बाकावरचं जोडपं दोनाचं चार आणि चाराचं दोन केलं. जोडपं उठून गेलं. मग माझ्या लक्षात आलं, की लेन्सवरचं झाकण अजून तसंच आहे. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, त्यामुळे झाकण लावून अख्खा रोल काळा करता येतो आणि कॅमेरा चकार शब्द काढत नाही. निदान चटणीपासून लेन्स वाचली.

“कितीला?” काकांनी मुलाला विचारलं.

“साडेसहा.”

“वेडा आहेस का रे? हे साहेब घोडबंदरचे खड्डे खात इथवर आलेत. टकटक ऐकतायत, टॉर्च मारतायत. उगाच? आजोबांची वस्तू आहे बाळा. अकराच्या खाली बोलू नकोस.” मग माझ्याकडे वळून, अगदी आपुलकीने, “पण तुमची नेमकी गरज काय?”

हा प्रश्न मलाच का? आमच्या सोसायटीत एकाने भलीमोठी एसयूव्ही घेतली, ती घोडबंदरला दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. त्याला सगळ्यांनी पेढे मागितले. लाखाचा फोन घेऊन माणसं मिसळीचा फोटो काढतात, त्यांना कोणी हटकत नाही. छत्तीस फोटोंचा रोल महाग, तो धुणारे शोधून काढावे लागतात, दुरुस्त करणारे म्हातारे झाले. असल्या मरणाऱ्या गोष्टीवर एखादा स्वतःचे पैसे घालतोय, तर त्याची उलटतपासणी, आणि वर भाववाढ!

मी “आठ” म्हणालो. मुलगा काकांकडे बघायला लागला. माझा व्यवहार, आणि होकार-नकार काकांचा.

काल त्याचा मेसेज आला. “दादा, काका दहा द्यायला तयार आहेत. तुम्ही पहिले आलात म्हणून विचारतो, अकरा फायनल करू का?”