लुकलुक घालवायला आधी कार्ड नको, सेटिंग बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं फ्लाइट सिम्युलेटर उडवणाऱ्या पोरांमध्ये सध्या एक मराठी मेसेज फिरतोय. मला तो चार जणांकडून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: घरांची छपरं, तारा, धावपट्टीच्या रेघा लुकलुकत असतील तर तुमचं ग्राफिक्स कार्ड कमजोर आहे, नवं घ्या. सगळी सेटिंग्ज अल्ट्रावर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर टाका. अँटी-अलायझिंगनं (दातेरी कडा आणि लुकलुक कमी करणारी सोय) चित्र धूसर होतं, ते बंद करून शार्पनिंग वाढवा. व्ही-सिंक (फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, मॉनिटरच्या ठोक्याला बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा काढून टाका, सेकंदाला येणाऱ्या फ्रेमचा आकडा जितका मोठा तितकं उड्डाण गुळगुळीत. आणि शेवटी, 4के मॉनिटर घेतला की प्रश्न कायमचा मिटतो.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या वडिलांनी हे वाचून पतसंस्थेत कर्जाची चौकशी केली. पोराला पायलट व्हायचंय, रोज संध्याकाळी सिममध्ये सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान उतरवतो. त्या कुटुंबाला हजारोंच्या खर्चात घालणारा हा सल्ला बहुतेक ठिकाणी चुकीचा आहे, म्हणून हे लिहितोय.

मुळात लुकलुक होते का? मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो, तिथलंच उदाहरण देतो. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. तीन जॉचा चक (काम पकडणारा तीन जबड्यांचा फिरता भाग) 2000 आरपीएमनं, म्हणजे मिनिटाला 2000 फेऱ्यांनी, फिरत असला तर सेकंदाला नेमके 100 जॉ एकाच जागेवरून जातात आणि फिरता चक थांबलेला दिसतो. नवीन कामगाराला आम्ही हे पहिल्याच दिवशी सांगतो, नाहीतर हात जायचा. डोळ्याला मिळणारे नमुने अपुरे पडले की तो खोटं बघतो. स्क्रीनवरही तसंच होतं. पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, ठरावीक असतात. लांबचं पत्र्याचं छप्पर एका पिक्सेलपेक्षा लहान झालं की या फ्रेमला त्या पिक्सेलमध्ये पत्रा सापडतो, पुढच्या फ्रेमला शेजारचं झाड. विमान जरा हललं की पुन्हा पत्रा. हीच ती लुकलुक. पिक्सेलमध्ये मावत नाही इतका बारकावा त्यात कोंबल्यामुळं ती होते, कार्डाची ताकद कमी पडल्यामुळं नाही. भारी कार्ड तोच चुकीचा नमुना जास्त वेगानं काढून दाखवेल.

आता अल्ट्राचं बघा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या 2020 च्या आवृत्तीत टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीवरचा बारकावा किती लांबपर्यंत दाखवायचा) नावाची पट्टी आहे. ती 200 वर नेली की लांबपर्यंत घरं आणि झाडं उभी राहतात, त्यातली बरीचशी पिक्सेलपेक्षा लहान. म्हणजे लुकलुकणाऱ्या वस्तू आपण स्वतःच वाढवल्या. शिवाय हा भार मुख्यतः प्रोसेसरच्या एका धाग्यावर, मेन थ्रेडवर पडतो आणि वळताना झटके बसायला लागतात. ती पट्टी 100 वर आणा. एकच गोष्ट मात्र खरोखर पूर्ण वर न्यायची आहे, ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरक्या दिसणाऱ्या पृष्ठभागावरचं चित्र स्पष्ट ठेवणारी सोय) 16 एक्स. धावपट्टी तिरकी दिसते तेव्हा तिच्या रेघा त्यानंच नीट राहतात आणि आजच्या कार्डांना त्याचा भार जवळजवळ जाणवत नाही.

अँटी-अलायझिंग बंद करून शार्पनिंग वाढवा, हा त्या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. शार्पनिंग म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलमधला फरक वाढवणं. जिथं आधीच पत्रा आणि झाड यांची अदलाबदल चाललीय, तिथं ती दुप्पट उठून दिसणार. सिममधलं शार्पनिंग शून्याजवळ आणा, कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधलं बंद करा. अँटी-अलायझिंग धूसर करतं हे अर्धंच खरं आहे, कारण एमएसएए, एफएक्सएए, टीएए असे त्याचे प्रकार वेगळे आणि कामंही वेगळी. एमएसएए वस्तूंच्या कडा सुधारतं. पत्र्याच्या आतल्या रेघांना किंवा पारदर्शक चित्रातून काढलेल्या कुंपणाच्या जाळीला ते हात लावत नाही. म्हणून ‘8 एक्स लावलं तरी कुंपण चमकूलंय की’ अशी तक्रार येते. एफएक्सएए तयार चित्रावर हात फिरवतं, हलत्या लुकलुकीला त्याचा उपयोग थोडा. टीएए मागच्या फ्रेममधले नमुने जमवून वापरतं, त्यामुळं लुकलुकीवर सगळ्यात भारी पडतं. चित्र जरा मऊ होतं आणि फिरत्या पंख्यामागं कधी सावली राहते, ही त्याची किंमत. मला ती मान्य आहे, कारण उतरताना नजर धावपट्टीवर स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं. एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड असेल तर डीएलएए हा त्या कार्डांवरचा अँटी-अलायझिंगचा प्रकार आधी करून बघा.

गुळगुळीतपणाबद्दलचा गैरसमज तर फारच पसरलाय. लुकलुक आणि झटके हे दोन वेगळे आजार आहेत. 60 हर्ट्झचा मॉनिटर दर 16.7 मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. सिम सेकंदाला 40 फ्रेम देत असेल आणि व्ही-सिंक चालू असेल तर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंद दिसते, पुढची 33.3. पुन्हा 16.7, पुन्हा 33.3. डोळ्याला ही लंगडी चाल लगेच कळते. व्ही-सिंक काढलं तर चित्र आडवं फाटतं. त्यापेक्षा फ्रेमना सेकंदाला 30 वर कुलूप लावा. प्रत्येक फ्रेम सारखी 33.3 मिलिसेकंद राहील आणि 40 पेक्षा 30 जास्त गुळगुळीत वाटेल. पटत नसेल तर खिडकीबाहेर बघत वळण घ्या, 40 आणि 30 दोन्हींवर एकेकदा. आकडाही फसवतो. सेकंदभरात एकच फ्रेम 200 मिलिसेकंद अडली आणि बाकीच्या वेळेवर आल्या, तरी काउंटर 49 दाखवेल. फ्रेमची वेळ जुळवून घेणारा जी-सिंक किंवा फ्रीसिंक मॉनिटर असेल तर हे गणित सैल होतं. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत साधा 60 चाच मॉनिटर असतो.

4के मॉनिटरमध्ये साध्या 1080 (फुल एचडी) मॉनिटरच्या चौपट पिक्सेल असतात, त्यामुळं लुकलुक कमी होते हे खरं. पण ती मिटत नाही, जास्त लांब सुरू होते एवढंच. आणि कार्डावरचं पिक्सेलचं कामही चौपट होतं. म्हणजे कार्ड घ्या, मग मॉनिटर घ्या, मग पुन्हा कार्ड घ्या.

नवं कार्ड कधीच लागत नाही असं माझं म्हणणं नाही. खर्च करण्याआधी एक परीक्षा करा. फ्रेमचं कुलूप आणि व्ही-सिंक काढून रेंडर स्केलिंग (सिम आतून चित्र किती टक्के आकारात काढतो ते) 100 वरून 70 वर आणा आणि सेकंदाला फ्रेम किती येतात ते बघा. चांगल्या वाढल्या तर कार्डच अडतंय. होत्या तिथंच राहिल्या तर प्रोसेसर अडतोय, आणि कितीही महाग कार्ड आणलं तरी फरक पडायचा नाही. प्रोसेसर अडत असला तर सिमच्या डेव्हलपर मोडमधला फ्रेम काउंटरही ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ असं स्पष्ट लिहून दाखवतो.

गल्लीतल्या त्या मुलाकडं परवा बसलो. 70 वर आणूनही दोनच फ्रेम वाढल्या. मग टीएए लावलं, शार्पनिंग काढलं, टेरेन 100, फिल्टरिंग 16, कुलूप 30 वर. सांबऱ्याच्या बाजूची छपरं शांत झाली आणि वळताना बसणारे झटके जवळजवळ गेले. त्याचे वडील मागं खुर्चीत बसून बघत होते, त्यांनी स्वतःहून दोनदा उतरवून दाखवायला सांगितलं. त्यानं बाहेरून टाकलेल्या एका विमानतळाच्या इमारतीची जाळी तेवढी अजून चमकते. बहुतेक त्या टेक्श्चरला (वस्तूवर चिकटवलेल्या चित्राला) मिपमॅप नाहीत, म्हणजे लांबून वापरायच्या लहान-लहान प्रतीच बनवलेल्या नाहीत. 4096 चं चित्र असेल तर निम्मं निम्मं करत 1 पर्यंत एकूण 13 पायऱ्या लागतात आणि जागा फक्त एक तृतीयांश वाढते. रविवारी ती फाइल उघडून दोघं मिळून त्या पायऱ्या घालणार आहोत.